जुनी विद्युत मोटार घेताना : धाव किती, यापेक्षा हमी किती

मरोदा हे नाव भिलाईबाहेरच्या वाचकांस फारसे परिचित नसेल. परंतु भिलाईच्या पोलाद-वसाहतीत राहणाऱ्यांस ते घरचेच आहे. कारखान्यास पाणी पुरविणारा मरोदा जलाशय, भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण जपणारी मैत्रीबाग, दुर्ग-दल्लीराजहरा लोहमार्गावरील मरोदा स्थानक आणि या साऱ्यांच्या सान्निध्यात वसलेले मरोदा सेक्टर ही या परिसराची ओळख होय. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या सर्व प्रांतांतून कामगार, तंत्रज्ञ व अभियंते येथे येऊन स्थिरावले. मराठी कुटुंबांस तर ही भूमी कधीच परकी नव्हती. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालत असे, आणि आजही येथील मराठी घरांचा नागपूरशी असलेला लग्नकार्याचा, शिक्षणाचा व खरेदीचा संबंध तुटलेला नाही.

या खरेदीच्या यादीत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे पुष्कळ धावलेली, जुनी विद्युत मोटार. नव्या गाडीच्या मानाने तिची किंमत बरीच कमी असते आणि पेट्रोलचा खर्च वाचणार, हे आकर्षण मोठे असते. मात्र मीटरवर लाख-सव्वा लाखाचा आकडा दिसताच मन कचरते. ‘इतकी धावलेली गाडी म्हणजे पिळून घेतलेला ऊस’, असे सांगणारे शेजारीपाजारीही भेटतात. दुसरीकडे ‘विजेच्या गाडीला इंजिनच नाही, मग बिघडणार काय?’ असे छातीठोकपणे सांगणारे विक्रेतेही कमी नाहीत. निवृत्तीच्या रकमेतून वा कष्टाने साठविलेल्या ठेवीतून गाडी घेऊ पाहणाऱ्या ग्राहकाने यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा व्यवहाराच्या अंगाने विचार केला आहे.

बाजारात या गाड्या आल्या कोठून?

भारतात विजेवर चालणारी छोटी मोटार २००१ साली बंगळूरच्या ‘रेवा’ने रस्त्यावर आणली. तीत शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटऱ्या होत्या आणि एका भरणीत जेमतेम शहरातली कामे उरकत. लिथियम बॅटरीवरील गाड्या सर्वसामान्य कुटुंबाच्या आटोक्यात येऊ लागल्या त्या मुख्यतः जानेवारी २०२० नंतर. त्या महिन्यात टाटांची नेक्सॉन ईव्ही १३.९९ लाख रुपयांच्या आरंभीच्या किमतीत दाखल झाली. तिच्या बॅटरीची क्षमता ३०.२ किलोवॅट-तास होती. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या घरच्या वीजमीटरवरील एक युनिट, हे ध्यानात ठेवले की पुढील सारे हिशेब सोपे होतात. पुढे टिगोर, टियागो अशा गाड्या आल्या. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘एक्सप्रेस-टी’ हे वेगळे नाव आले. त्या पहिल्या वर्षांतील खाजगी गाड्या आता हात बदलू लागल्या आहेत.

दुसरा ओघ टॅक्सी व्यवसायातून आला. दिल्ली परिसर व बंगळूर येथे हजारो विद्युत टॅक्सी चालविणाऱ्या ‘ब्लूस्मार्ट’ची सेवा एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली. त्यापूर्वी १५ एप्रिल २०२५ रोजी ‘सेबी’ने तिच्याशी संबंधित जेनसोल इंजिनिअरिंग या कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला होता. ६,४०० गाड्यांच्या खरेदीसाठी ६६३.८९ कोटी रुपयांचे कर्ज घेतले असता प्रत्यक्षात ४,७०४ गाड्याच घेतल्या गेल्याचे त्या आदेशात नमूद आहे. पुढे गाड्या भाडेपट्ट्याने देणाऱ्या कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने त्यांच्या गाड्यांवर त्रयस्थाचे हक्क निर्माण करण्यास मनाई केली. सामान्य ग्राहकाने या प्रकरणातून एवढाच बोध घ्यावा, की गाडी दारात उभी असणे आणि ती विकण्याचा हक्क असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

मीटरचा आकडा आणि बॅटरीचे वय

पेट्रोलच्या इंजिनाची झीज मुख्यतः धावेने होते. म्हणून आपण मीटर पाहून गाडीचे वय ठरवितो. विद्युत मोटारीत फिरणारे भाग फार थोडे असतात. वेग कमी करताना मोटरच उलट वीज निर्माण करते, त्यामुळे ब्रेकही सावकाश झिजतात. गाडीची खरी किंमत असते ती बॅटरीत, आणि बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते. एक, वापराने, म्हणजे भरणे व रिकामी होणे या फेऱ्यांनी. दुसरे, नुसत्या काळाने. गाडी उभी असली तरी दुसरे म्हातारपण थांबत नाही, आणि उष्णतेने ते अधिक वेगाने येते.

याचे दोन बोलके दाखले परदेशात मिळतात. निसान कंपनीची ‘लीफ’ ही गाडी डिसेंबर २०१० पासून विकली जाऊ लागली. तिच्या बॅटरीस थंड ठेवणारी स्वतंत्र द्रव-यंत्रणा नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोना या वाळवंटी राज्यात २०१२ च्या उन्हाळ्यात अनेक मालकांच्या लक्षात आले, की गाडी दोन वर्षांचीही झाली नसताना बॅटरीची क्षमता दर्शविणाऱ्या बारा पट्ट्यांतील काही पट्ट्या नाहीशा झाल्या आहेत. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर कंपनीने पाच वर्षे किंवा ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरपर्यंत, क्षमता नऊ पट्ट्यांखाली गेल्यास ती भरून देण्याची हमी दिली. याउलट इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट ऑस्टेल येथील एका टॅक्सी कंपनीने २०१३ साली घेतलेली तीच लीफ गाडी एक लाख मैल, म्हणजे १,६०,००० किलोमीटर धावली, शेकडो वेळा जलद भरणी सोसूनही तिची बॅटरी उत्तम स्थितीत राहिली. गाडी एकच, परंतु कमी धावलेली लवकर थकली आणि अफाट धावलेली टिकली. फरक हवामानाचा व वापराच्या पद्धतीचा होता.

हजारो गाड्यांची माहिती एकत्र करून पाहणाऱ्या कॅनडातील ‘जिओटॅब’ या कंपनीच्या विश्लेषणांतही असेच दिसते. बॅटरीची क्षमता वर्षाला सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास घटते. उष्ण प्रदेशात व जलद भरणीचा सतत वापर होत असल्यास ती घट अधिक असते. मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचे ऊन सोसणाऱ्या भिलाईकरांनी, नागपूरकरांनी व चंद्रपूरकरांनी हा धडा विशेष ध्यानात ठेवावयास हवा. आजच्या बहुतेक भारतीय गाड्यांच्या बॅटरीस द्रवाने थंड ठेवण्याची सोय असते, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही जुनी गाडी घेताना ‘किती धावली?’ या प्रश्नाबरोबरच ‘उन्हात उभी राहात होती की सावलीत? घरी भरली जात होती की नेहमी जलद केंद्रावर?’ हे प्रश्न अवश्य विचारावेत. वर्षभर अंगणात उन्हात पडून राहिलेली, बॅटरी शंभर टक्के भरून ठेवलेली, जेमतेम वीस हजार किलोमीटर धावलेली गाडी नेहमीच चांगली असते असे नाही.

मरोद्याचा हिशेब

मरोदा सेक्टरातून सिव्हिक सेंटर, सेक्टर ९ चे रुग्णालय, कारखान्याची प्रवेशद्वारे, दुर्ग स्थानक ही सारी ठिकाणे जवळच आहेत. रायपूर पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. अशा गावात अर्धी शक्ती गमावलेली गाडीही रोजची कामे करील. म्हणूनच जुन्या विद्युत मोटारीस मोठ्या महानगरापेक्षा अशा वसाहतीत अधिक शोभते, असे म्हणता येईल.

समजा, ३०.२ युनिट क्षमतेच्या गाडीच्या बॅटरीत आता ८० टक्के क्षमता उरली आहे. म्हणजे हाती २४ युनिटे आली. एका युनिटात साडेसहा किलोमीटर धाव धरल्यास पूर्ण भरणीत सुमारे १५५ किलोमीटर होतील. अडीअडचणीसाठी वीस टक्के शिल्लक ठेवली तर निश्चिंतपणे वापरण्याजोगी धाव १२५ किलोमीटर. रायपूरला जाऊन येणे सहज जमेल. परंतु अडीचशे किलोमीटरवरील नागपूरला जावयाचे तर वाटेत दोनदा थांबावे लागेल. वर्षातून चार वेळा सहकुटुंब नागपूर गाठणाऱ्याने ही गोष्ट खरेदीपूर्वीच घरच्यांशी बोलून घ्यावी.

आता बचतीकडे वळू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी आपल्या घरचे दर त्यांत घालून पाहावेत. रोज ४० किलोमीटर प्रवास, महिन्यात २५ दिवस, म्हणजे १,००० किलोमीटर धरू. चाळीस किलोमीटरला भरणीतील गळतीसह सुमारे ७ युनिटे लागतील. सहा रुपये दराने खर्च ४२ रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला १६ किलोमीटर चालली व पेट्रोल १०० रुपये धरले, तर खर्च २५० रुपये. रोजची बचत २०८ रुपये आणि महिन्याची ५,२०० रुपये झाली. मात्र तेच कुटुंब रोज केवळ १० किलोमीटर फिरत असेल, तर महिन्याची बचत १,३०० रुपयांवर येते. जितकी धाव तितकी बचत, हे या गाडीचे मूळ सूत्र आहे. आठवड्यातून दोनदा बाजारात व रविवारी मैत्रीबागेत जाणाऱ्या निवृत्त दांपत्याने केवळ पेट्रोल वाचविण्यासाठी विद्युत मोटार घेऊ नये. घ्यावयाची तर आवाज, धूर व गिअरचा त्रास नाही, या सुखासाठी घ्यावी.

हमी संपल्यानंतर नवा बॅटरीसंच घालण्याची वेळ आली आणि त्यास समजा पाच लाख रुपये पडले, तर काय होईल? महिन्यास ५,२०० रुपये वाचविणाऱ्याची तब्बल आठ वर्षांची बचत त्या एका बिलात जाईल. १,३०० रुपये वाचविणाऱ्यास ती भरून काढण्यास बत्तीस वर्षे लागतील! काही वेळा संपूर्ण संच न बदलता त्यातील दोषी भाग बदलता येतो आणि खर्च कमी होतो, हे खरे. तरीही संपूर्ण व्यवहाराचे यश या एका वस्तूवर अवलंबून आहे, हे या साध्या गणितावरून स्पष्ट व्हावे.

हमीच्या मुदतीतच कर्ज फिटावे

नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीस व मोटरीस उत्पादकाने आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर हमी दिली होती. इतर अनेक गाड्यांचीही हमी साधारण याच प्रमाणात असते. ‘जे आधी पूर्ण होईल’ या चार शब्दांत पुष्कळ धावलेल्या गाडीचे सारे मर्म सामावले आहे.

समजा, गाडी चार वर्षांची आहे आणि १,२०,००० किलोमीटर धावली आहे. वर्षांच्या हिशेबाने हमीचे ४८ महिने उरले. परंतु किलोमीटरच्या हिशेबाने ४०,०००च उरले, आणि महिन्यास हजार किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबास ते ४० महिनेच पुरतील. म्हणजे खरी हमी ४० महिन्यांची. आता या गाडीसाठी चार लाख रुपये कर्ज, दरसाल १२ टक्के व्याज असे धरू. पाच वर्षांची मुदत घेतल्यास मासिक हप्ता ८,८९८ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ३४ हजार रुपये होते. तीन वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता १३,२८६ रुपये येतो, पण व्याज सुमारे ७८ हजारांवरच थांबते.

हलका हप्ता पाहून पाच वर्षांचा पर्याय निवडणे स्वाभाविक आहे. तथापि चाळिसावा हप्ता भरल्यावर काय चित्र असेल ते पाहा. बॅटरीची हमी संपलेली, कर्जापैकी सुमारे १ लाख ६० हजार रुपये बाकी आणि अजून वीस हप्ते भरावयाचे. त्या वीस महिन्यांत बॅटरी बिघडली तर कर्जदाराच्या हाती न चालणारी गाडी व चालू असलेला हप्ता उरेल. बँकेच्या दृष्टीनेही तारणाचे मूल्य त्या क्षणी कोसळलेले असेल. म्हणून जुन्या विद्युत मोटारीच्या बाबतीत एक नियम कटाक्षाने पाळावा : कर्जाची मुदत उरलेल्या हमीपेक्षा अधिक नसावी. तीन वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर गाडी स्वस्त असली तरी ती आपल्या आवाक्यातील नाही, असे समजावे. आणखी एक गोष्ट. वरील उदाहरणात दरमहाच्या ५,२०० रुपयांच्या बचतीतून हप्ता फिटत नाही. तो उत्पन्नातूनच भरावा लागेल. ‘पेट्रोलच्या पैशांत गाडी’ हे विक्रेत्याचे बोल ऐकावयास गोड असले तरी हिशेबात उतरत नाहीत.

या बचतीपैकी महिन्यास ३,००० रुपये आवर्ती ठेवीत वेगळे ठेवले, तर ४० महिन्यांत व्याजाव्यतिरिक्त १ लाख २० हजार रुपयांचा बॅटरी-निधी उभा राहतो. हमीचे छत्र संपते त्याच सुमारास तो हाती येतो. बॅटरी धड राहिली तर ती रक्कम कुटुंबाचीच आहे.

हमीपत्र वाचताना तीन बाबी विशेष पाहाव्यात. पहिली, हमी दुसऱ्या मालकाकडे जाते काय व कोणत्या अटींवर. २०२५ मध्ये काही उत्पादकांनी निवडक गाड्यांच्या बॅटरीस ‘आजीवन’ हमी देऊ केली. परंतु ती पहिल्या मालकासाठी असून गाडी विकली जाताच मर्यादित हमीवर येते. जाहिरातीतील ‘आजीवन’ हे पहिल्या मालकाचे, दुसऱ्याचे नव्हे. दुसरी, टॅक्सी म्हणून वापरलेल्या गाडीस वेगळ्या अटी लागू असतात. तिसरी, क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास हमी लागू होते. ही मर्यादा बहुधा ७० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे ८० टक्के क्षमता उरलेली बॅटरी सदोष नव्हे, ती केवळ वयस्क आहे. किमतीत मात्र तिचे वय दिसले पाहिजे.

बॅटरीची परीक्षा

अधिकृत सेवा केंद्रात गाडी यंत्रास जोडून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल काढता येतो. विक्रेत्याने त्यास नकार दिला तर पुढची बोलणी करू नयेत. अहवालाबरोबर संपूर्ण सेवा-इतिहासही मागावा. त्यातील तारखा व किलोमीटर जुळवून पाहिले म्हणजे मीटर मागे फिरविला आहे काय तेही कळते.

याखेरीज एक घरगुती परीक्षा आहे आणि ती कोणासही जमेल. बॅटरी वीस टक्क्यांवर येईपर्यंत गाडी चालवावी आणि नंतर स्वतंत्र मीटर असलेल्या जोडणीवर ती पूर्ण भरावी. समजा मीटरवर २२ युनिटे चढली. भरताना सुमारे बारा टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते असे धरले, तर बॅटरीत १९.४ युनिटे गेली. ही ८० टक्के भरणी झाली. म्हणजे पूर्ण क्षमता सुमारे २४.२ युनिटे. मूळच्या ३०.२ युनिटांशी तुलना करता आरोग्य ८० टक्के निघते. ही परीक्षा ढोबळ आहे. पण विक्रेता ९५ टक्के सांगत असताना घरच्या मीटरने ८० दाखविले, तर किमतीची बोलणी कोठून सुरू करावी हे कळते.

गाडी उंचावर चढवून बॅटरीच्या पेटीचा तळ पाहावा. खोल पोचा, वेल्डिंगची खूण वा पाण्यात बुडाल्याचे डाग दिसल्यास मोह आवरावा. भरणीच्या तोंडातील पिना जळलेल्या नाहीत ना, मूळ केबल सोबत मिळते ना, शीतक द्रवाची पातळी व साधी बारा व्होल्टची बॅटरी ठीक आहे ना, हेही पाहावे. या गाड्या वजनाने भारी असल्याने टायर व सस्पेंशन लवकर झिजतात. सव्वा लाख किलोमीटरनंतर तो खर्च धरूनच चालावे.

कागदपत्रे : भावापेक्षा महत्त्वाची

वर उल्लेखिलेल्या टॅक्सी-प्रकरणाचा बोध येथे उपयोगी पडतो. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर कोणत्याही वित्तसंस्थेचे नजरगहाण आहे काय हे प्रथम तपासावे. असल्यास त्या संस्थेचे ना-हरकत पत्र व नमुना क्रमांक ३५ यांशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर या गाडीबरोबर बॅटरी वेगळी भाड्याने देण्याची योजना आली असून तीत दर किलोमीटरला साडेतीन रुपये आकार होता. अशा गाडीच्या बाबतीत बॅटरीवर कोणाचा हक्क आहे, बाकी किती आहे आणि ती कोणाकडे वर्ग होणार, याचा स्वतंत्र लेखी खुलासा घ्यावा.

मालकी बदलासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. नागपूरहून एमएच-३१ किंवा एमएच-४९ क्रमांकाची गाडी आणली तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये घ्यावे लागते. कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतराची नोंद करावयाची असते. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास दुर्गच्या परिवहन कार्यालयातून सीजी-०७ मालिकेतील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळी लागू असणारा कर आधीच विचारून तो किमतीत धरावा. विम्याचे पत्र चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. गाडीची पाटी हिरवी आहे एवढ्यावर समाधान मानू नये. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे खाजगी गाडीची, तर पिवळी अक्षरे भाडोत्री गाडीची असतात. पिवळ्या अक्षरांची गाडी घरगुती वापरासाठी घ्यावयाची असल्यास नोंदणीचा प्रकार बदलून मिळेल याची खात्री करून मगच इसार द्यावा.

कराबाबतही गैरसमज आढळतात. नव्या विद्युत मोटारीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. जुन्या गाडीचा व्यवहार दोन खाजगी व्यक्तींत असेल तर हा कर लागत नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकल्यास त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर लागतो, संपूर्ण किमतीवर नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने हा निर्णय घेतला. तसेच विद्युत वाहनकर्जाच्या व्याजावर कलम ८०ईईबी खाली मिळणारी दीड लाखापर्यंतची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. ती आज घेतल्या जाणाऱ्या कर्जास मिळेल, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. व्याजदरातील ‘हरित’ सवलतही बहुधा नव्या गाड्यांसाठीच असते. जुन्या गाडीस जुन्या वाहनाचा दर लागतो.

घरची जोडणी

गाडी घरी भरता येत नसेल तर जुनी विद्युत मोटार घेण्यात फारसे हशील नाही. सततच्या जलद भरणीने खर्चही वाढतो आणि वयस्क बॅटरीवर ताणही येतो. मरोदा सेक्टरातील निवासस्थाने कारखान्याच्या मालकीची आहेत. तेथे जोडणीत बदल करण्यापूर्वी संबंधित विभागाची लेखी परवानगी घ्यावी, अर्थिंग तपासून घ्यावे व स्वयंपाकघरातील जोडणीवरून वायर ओढून गाडी भरणे टाळावे. निवृत्तीनंतर निवासस्थान सोडावे लागणार असेल, तर नव्या घरी सोय आहे काय याचाही विचार आजच करावा. उन्हाळ्यात गाडी सावलीत उभी करावी आणि दुपारच्या उन्हातून आल्याबरोबर न भरता रात्री भरावी.

मरोद्याच्याच जलाशयावर १५ मेगावॅट क्षमतेचा तरंगता सौरऊर्जा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. कोळसा व पोलादाच्या या गावात सूर्याची वीज येत असताना रस्त्यावरील वाहनेही बदलत जाणार, हे उघड आहे. मात्र हा बदल घराच्या अर्थकारणास सोसवेल अशाच रीतीने व्हावयास हवा.

सारांश, पुष्कळ धावलेली विद्युत मोटार वाईटच असते असे नाही आणि स्वस्त असते म्हणून चांगलीच असते असेही नाही. रोजचा प्रवास पुरेसा आहे, घरी भरणीची सोय आहे, बॅटरीचा अहवाल हाती आहे, हमी आपल्या नावे होते आहे आणि कर्ज त्या हमीच्या आत फिटते आहे, या पाच गोष्टी जुळल्या तर सव्वा लाख किलोमीटरच्या आकड्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. यांपैकी शेवटची जुळत नसेल, तर अधिक बचत करून सहा महिन्यांनी पुन्हा विचार करावा. इसार देण्यापूर्वी बॅटरीचा अहवाल, हमीपत्र व नोंदणी प्रमाणपत्र घेऊन आपल्या शाखेत यावे आणि कर्जाच्या मुदतीबद्दल मोकळेपणाने चर्चा करावी. शाखेतील सहकाऱ्यांनीही अर्जातील उत्पन्नाबरोबर हमीचे उरलेले किलोमीटर पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्यात ग्राहकाचे हित आहे आणि बँकेचेही.